चौथं चाक दिल्लीला

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या त्या दुकानात एका वेळी एकच माणूस मावतो, आणि तोही पोट आत ओढून. त्या दुपारी आत दोन माणसं होती. म्हणजे धक्का लागणार हे ठरलेलंच होतं; दोष द्यायचाच तर ज्यानं दुकान बांधलं त्या गवंड्याला द्यावा.

निरंजन सुतळीचं बंडल घ्यायला आला होता. तापीकाठी त्याची केळीची बाग, आणि घड लागलेल्या झाडाला सुतळीचा आधार दिला नाही तर ते भर बागेत लोटांगण घालतं. शेठनं दुकान आवरायला काढलं होतं, उद्यापासून तिथे मोबाईलची कव्हरं मिळणार होती. माळ्यावरचा जुना माल खाली ढीग होऊन पडला होता. त्या ढिगातून एक चपटा खोका डोकावत होता, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मॉडेल बनवायचा. झाकणावर चांदीसारखं चकाकणारं मोठ्ठं विमान. निरंजननं हात घातला. त्याच क्षणी पलीकडून दुसरा हात आला, बांगडी नसलेला, मनगटावर काळा दोरा बांधलेला.

"सोडा," हाताची मालकीण म्हणाली.

"तुम्ही सोडा."

"मी आधी पाहिला."

"पाहिला असेल. हात माझा आधी लागलाय."

"लागलाय नाही, चिकटलाय! काय आहे हे हाताला?"

"केळीचा चीक. घाण नाही ती."

"धुऊन निघत नाही का?"

"निघत नाही," निरंजन म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं.

लोधीपुऱ्यात सांगतात की त्या क्षणी आजूबाजूचे सगळे पॉवरलूम आपोआप बंद पडले. विजेच्या ऑफिसात विचाराल तर ते म्हणतील रोजचीच लोडशेडिंग. ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. ती सावळी होती, कपाळावर घामाचे बारीक थेंब, आणि डोळ्यांत असा काही हट्ट, की निरंजनला वाटलं, खोकाच काय, सुतळीचं बंडलही हिलाच देऊन टाकावं.

"याच्यात विमान नाहीये," ती म्हणाली. "झाकणावर आहे फक्त. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तेल भरायचा टँकर आहे, विमान ओढायचा ट्रॅक्टर आहे, शिडी, जॅक, माणसं... विमानाच्या खालचं सगळं. म्हणून तर हवाय."

ती बघतच राहिली. "मलाही म्हणूनच हवाय."

गल्ल्यावरून शेठ ओरडला, "चालीस साल से पड़ा है! जो ले गया वो वापस दे गया, कि अंदर जहाज नहीं है. अब एक साथ दो गिराहक? आधा-आधा कर लो, या शादी कर लो, पर मेरी दुकान खाली करो!"

दोघंही लाल होऊन एकाच दारातून एकदम बाहेर पडायला गेले. अर्थातच अडकले.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी खुलासा झाला. तिचं नाव हिमानी. वडील शंकरराव मूळचे जळगावकडचे, नेपानगरच्या पेपर मिलमध्ये आयुष्य घालवून आता लोधीपुऱ्यात घर बांधून बसलेले. हिमानीला इंदूरच्या विमानतळावर नोकरी लागली होती. होळी झाली की रुजू व्हायचं होतं. पत्र आलं तेव्हा शंकररावांनी गल्लीभर पेढे वाटले: मुलगी विमानात नोकरीला! मग कोणीतरी विचारलं, "हवाईसुंदरी का?" आणि हिमानीनं खरं सांगितलं, की नाही, मी खाली असणार. धावपट्टीशेजारी. शिडी लावायची, सामानाच्या गाड्या, विमान ओढणारा ट्रॅक्टर...

"पप्पांचा चेहराच उतरला," ती ग्लासातला बर्फ हलवत म्हणाली. "म्हणाले, ट्रॅक्टरच चालवायचा तर बुऱ्हाणपुरात काय कमी आहेत? आता म्हणतात, तू नक्की काय करणार ते मला समजलं पाहिजे, तरच जा म्हणेन. तोंडानं सांगून थकले मी. म्हटलं, हे जोडून समोर मांडते. पण मला यातलं काही येत नाही हो."

"मला येतं," निरंजन इतक्या घाईनं म्हणाला की रसवाल्यानंही मान वळवली. "मी चार-पाच जोडलेत. घरी टांगून ठेवलेत. आई त्यांना गोचीड म्हणते."

ती हसली. आणि निरंजननं मनाशी ठरवलं, की खोका हिचा, काम आपलं.

दुसऱ्या दिवसापासून बागेतलं काम उरकलं की दुपारी निरंजन लोधीपुऱ्यात. शंकररावांच्या बैठकीत, खिडकीपाशी, जुन्या कॅरम बोर्डावर काम मांडलेलं. घरी त्याची आई धुरपदाबाई शेजारणीला विचारत होती, "हे पोरगं रोज दुपारी जाऊन कुठं राहिलं व बाई? केळी पाह्यला कोणी इस्त्रीचा शर्ट घालते का?"

हे काम घाईचं नसतं. टँकरचे, ट्रॅक्टरचे सगळे सुटे भाग प्लॅस्टिकच्या जाळीला फळांसारखे लटकलेले असतात. एकेक नेलकटरनं अलगद तोडायचा, काठ घासायचा, आधी कोरडाच लावून बघायचा, आणि बसतोय असं दिसलं तरच गोंदाचा थेंब. मग धरून ठेवायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक, जरा जोर केला की कट्.

"किती वेळ धरायचं?" हिमानी विचारायची.

"पकडेपर्यंत."

"कोण कोणाला पकडेपर्यंत?"

"...भाग भागाला."

"अच्छा. मला वाटलं, दुसरं काहीतरी."

अशा वेळी निरंजनच्या चिमट्यातला भाग हमखास खाली पडायचा. मग दोघंही फरशीवर गुडघे टेकून शोधायचे, आणि सापडलेला भाग दोघांनाही एक-दोन क्षण दिसायचाच नाही.

शिडी वाकडी निघाली होती, माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी वाकवलेली. हिमानीची आई ताराबाई चहाच्या पातेल्यात गरम पाणी घेऊन आल्या, त्यात बुडवून ती सरळ केली. नंतर त्याच पातेल्यातल्या चहाला विमानतळाचा वास येतो म्हणून शंकररावांनी कुरकुर केली. टँकरवर तेलाचे ओघळ कसे दाखवायचे हा प्रश्न आला, तेव्हा निरंजननं शर्टाच्या खिशातून छोटी बाटली काढली.

"चीक?" हिमानीनं नाक मुरडलं.

"आज पाण्यासारखा दिसेल. उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी टँकरच्या पोटावर तपकिरी ओघळ उमटले होते, खरं तेल गळून सुकल्यासारखे. हिमानी बराच वेळ बघत राहिली. मग हळूच बोट लावून म्हणाली, "तू रंगवलंस असं वाटतच नाही. वाटतं, हा टँकर बरंच काही बघून आलाय." त्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि कोणालाच ते कळलं नाही. ताराबाई सोडून.

शंकरराव कोपऱ्यात आरामखुर्चीत. जोडणीचा जुना कागद त्यांनी पहिल्याच दिवशी दोन बोटांत चोळून बघितला होता. "कागद चांगला आहे," एवढं म्हणून तो परत दिला. त्यावर काय छापलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तंबाखू मळत ते रोज एकच विचारत, "विमान कधी लावणार?"

"विमान नाहीये यात, पप्पा."

"मग या सगळ्यांना काम काय?"

एकदा त्यांनी कॅरम बोर्डावरून पेराएवढा माणूस उचलला. दोन्ही हातांत लाल दांडकी, एक हात वर. "हा कोण? वाहतूक पोलीस?"

"काका, ही हिमानी," निरंजन म्हणाला. "विमान आलं की ही समोर उभी राहणार. हात वर केला की एवढं मोठं धूड थांबणार. हात हलवला की निघणार."

शंकररावांनी त्या माणसाकडे बघितलं. मग मुलीकडे. त्या दिवशी तंबाखू मळायची विसरले.

होळी जवळ आली. बाजारात साखरेच्या गाठ्या दिसायला लागल्या. टँकर उभा राहिला, ट्रॅक्टर राहिला, शिडी राहिली. आता फक्त टँकरची चाकं बसवायची, ओढायचा दांडा ट्रॅक्टरला अडकवायचा, माणसं मांडायची, की झालं. एका दुपारचं काम.

आणि इथे निरंजनच्या डोक्यात किडा वळवळला.

काम संपलं की शंकरराव बघणार. बघितलं की हो म्हणणार. हो म्हटलं की ही इंदूरला. मग दुपार झाली की माणसानं कुठे जायचं? इस्त्रीचा शर्ट घालून केळीत?

हिमानी चहा आणायला आत गेली. कॅरम बोर्डाच्या कडेला चार चाकं होती, शर्टाच्या बटणाएवढी. निरंजननं त्यातलं एक उचललं आणि गमछ्याच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकलं. दोनच दिवस, त्यानं स्वतःला सांगितलं. मग 'सापडलं' म्हणू.

पण केळीच्या माणसानं गमछ्यावर भरवसा ठेवू नये. दुसऱ्या दिवशी बागेत कटाई होती. एक जण कोयत्यानं घड कापतो, दुसरा खाली खांदा देऊन उभा राहतो, आणि खांद्यावर गादी म्हणून असतो गमछा. निरंजन खांदा देत होता. मन बैठकीत, खांदा बागेत. घडामागून घड, ताज्या कापलेल्या दांड्यातून चीक ठिबकतोय, गमछा ओला... संध्याकाळी त्यानं गाठ चाचपली, तर गाठ सुटलेली. चाक गेलेलं. कुठल्या तरी दांड्याला चिकटून ते घडाबरोबर ट्रकमध्ये चढलं होतं, आणि ट्रक निघाला होता दिल्लीला.

त्यानं ड्रायव्हरला फोन लावला. "भैया, गाडी में एक पहिया चला गया है..."

"मेरी गाड़ी के सब पहिये लगे हुए हैं."

"नहीं, छोटा पहिया. बटन इतना. केले पे चिपका होगा."

पलीकडे बराच वेळ इंजिनाचा आवाज आला. मग, "निरंजन भाई, आज धूप ज़्यादा थी क्या?"

लपवलेलं परत देता येतं. हरवलेलं कसं देणार? दोन दिवस तो लोधीपुऱ्याकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी हिमानीचाच मेसेज आला. 'येतोयस की मीच येऊ?' तो गेला.

बैठकीत वेगळाच गोंधळ. ताराबाई झाडू घेऊन कपाटाखाली, हिमानी मोबाईलचा टॉर्च लावून सोफ्याखाली.

"चाक गायब आहे एक!" ताराबाई म्हणाल्या. "आणि ट्रॅक्टरचा तो दांडा. आणि तो हात वर केलेला माणूस! रोज एकेक वस्तू जातेय."

निरंजन दारातच थबकला. चाकाचं ठीक... म्हणजे ठीक नाही, पण माहीत तरी आहे. पण दांडा? माणूस? त्यानं हिमानीकडे बघितलं. तिनं टॉर्च एकदम दुसरीकडे फिरवला.

"राहू द्या आता," शंकरराव खुर्चीतून म्हणाले. आवाज जरा जास्तच गोड होता. "अर्धवट वस्तू बघून मला काय कळणार? नोकरी काय, पुढच्या वर्षी पण मिळते."

"पप्पा! चार दिवसांवर आलीय माझी तारीख!"

हिमानीचा आवाज चिरकला. ती फरशीवर बसली होती, केसात जळमट अडकलेलं. ते काढायला निरंजनचा हात उठला आणि अर्ध्यावरच थांबला. या मुलीची नोकरी आपण केळीबरोबर दिल्लीला धाडली...

तेवढ्यात स्वयंपाकघरात खटकन् आवाज झाला.

"सापडला चोर!" म्हणत ताराबाई विजयी मुद्रेनं पिंजरा घेऊन आल्या. आत एक उंदीर. सांगणारे सांगतात, मांजराएवढा होता; होता मात्र मुठीएवढाच, आणि भाकरीचा तुकडा दोन्ही हातांत धरून घाबरून बसलेला. "यानंच नेलं सगळं! आता याला बादलीतच—"

उंदरानं निरंजनकडे बघितलं. निदान निरंजनला तसं वाटलं.

"काकू, सोडा त्याला," तो ओरडला. "चाक मी घेतलं!"

निरंजननं सगळं सांगून टाकलं, गमछा, घड, चीक, ट्रक, दिल्ली. मान वर न करता. "परत देणारच होतो. पण आता ते... येणार नाही."

हिमानी उठून उभी राहिली. तो वाट बघत होता, आता हिचा आवाज चढणार. पण ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली, आणि मग त्या टोकाची गाठ सोडून तिनं कॅरम बोर्डावर काहीतरी ठेवलं. ट्रॅक्टरचा दांडा.

"हिमे!" ताराबाई.

"मला वाटलं... दोन दिवस अजून जोडू," हिमानी पुटपुटली. "याला लागतो तसा चहा पण अजून नीट जमत नव्हता मला."

निरंजननं मान वर केली. ती रागानं बघत होती खरी, पण असा राग त्यानं आयुष्यात कधी पाहिला नव्हता. पुन्हा पुन्हा बघावासा वाटणारा.

"आणि माणूस?" ताराबाईंनी विचारलं. "माणूस कोणाकडेय?"

दोघांनीही माना हलवल्या. मग तिघांच्याही नजरा हळूहळू आरामखुर्चीकडे वळल्या. शंकरराव छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता. ताराबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातली तंबाखूची डबी काढून घेतली. एका बाजूला तंबाखू. दुसरी बाजू उघडली, तर चुन्यात न्हालेला, पांढराफटक, एक हात वर केलेला माणूस.

"अहो!" ताराबाई पिंजऱ्याकडे बघून म्हणाल्या, "या घरात हा एकटाच काय तो सज्जन!"

शंकररावांनी पंख्यावरची नजर काढली. मग म्हणाले, "हे पोरगं म्हणालं ना, ही आपली हिमानी. हात केला की विमान थांबतं म्हणे. म्हटलं... ठेवावी थोडे दिवस जवळ."

"चुन्यात?"

"दुसरा खिसा फाटलाय."

हसावं की रडावं ते हिमानीला कळेना; तिनं दोन्ही केलं. शंकरराव स्वतः उठले, नळाखाली त्या माणसाला अंगठ्यानं घासून धुतलं, धोतराला पुसलं. एका बाजूचा रंग उडाला होता. पण हात वरच होता.

तीन चाकांचा टँकर मात्र एका अंगावर कलंडत होता. निरंजन त्याच्याकडे बघवत नसल्यासारखा उभा. हिमानीनं खोका चाचपला, तळाशी पडून राहिलेला जॅक काढला, टँकरच्या रिकाम्या कोपऱ्याखाली ठेवला. टँकर सरळ झाला. "चाक बदलायला काढलंय," ती म्हणाली. "तिथेही बदलतातच."

मग तिनं सगळं मांडलं. शिडी इथे लागते. टँकर पंखाखाली. ट्रॅक्टर पुढून, दांडा नाकाला. आणि हा माणूस सगळ्यांच्या समोर. झाकणावरचं विमान कुठे येईल ते तिनं बोटानं हवेत दाखवलं, आणि शंकररावांची नजर त्या रिकाम्या जागेवर खरंच काहीतरी दिसल्यासारखी फिरली.

"आणि यानं हात खाली घेतला नाही तर?"

"विमान हलत नाही."

"पायलट कितीही मोठा असला तरी?"

"तरीही, पप्पा."

शंकररावांनी खुर्ची ओढून बोर्डापाशी घेतली. "म्हणजे पायलट तुझ्या हुकमात," ते म्हणाले. "हे आधी नाही का सांगायचं? जळगावला फोन करून भावाला काय सांगायचं तेच मला कळत नव्हतं इतके दिवस." मग घसा साफ करून म्हणाले, "मी येतो सोडायला. इंदूरपर्यंत."

ताराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हिमानीनं वडिलांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. आणि निरंजन हळूच चपला शोधायला लागला.

"थांब," शंकरराव म्हणाले. "माझं कळलं. हिचं कळलं. तू चाक कायले घेतलं?"

निरंजन एक चप्पल हातात घेऊन तसाच उभा. समोर वडील, बाजूला आई, पलीकडे ती, आणि पिंजऱ्यात उंदीर. "काका... ती जाऊ नये म्हणून. म्हणजे, जावी. पण जाऊ नये. म्हणजे तसं..."

"एक काय ते ठरव."

त्यानं हिमानीकडे बघितलं. केसात अजून ते जळमट होतं. "जावी," तो म्हणाला. "तिचं काम आहे ते. जावीच."

शंकररावांनी नुसतीच मान हलवली. ताराबाईंनी मात्र पिंजरा उचलून निरंजनच्या हातात दिला. "याला तापीच्या पलीकडे सोडून या. जवळ सोडला तर परत येतो. आणि हिमे, तू पण जा. पिंजरा धरायला कोणीतरी लागेल मागे."

बुऱ्हाणपुरात त्या संध्याकाळी ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. मोटारसायकलवर एक मुलगा, मागे एक मुलगी, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात उंदीर, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर लग्नाच्या वरातीतला भाव. पुलावर वारा होता. खाली तापी, उतरत्या उन्हात तांबूस. हिमानीनं एका हातानं पिंजरा धरला होता. दुसरा हात कुठे ठेवावा याचा पूल संपेपर्यंत विचार केला, आणि मग त्याच्या खांद्यावर ठेवला.

पलीकडे बाभळीपाशी त्यांनी पिंजरा उघडला. उंदीर बाहेर आला, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि गेला.

"काय बोलणार होतास तू घरी?" हिमानीनं विचारलं. "'जाऊ नये'च्या पुढचं. म्हणजे, का जाऊ नये?"

"आता ते पण सांगायचं?"

"उंदराला वाचवायला बोललास. माझ्यासाठी पण बोल ना जरा."

निरंजननं बाभळीची एक शेंग तोडली, तिचे तुकडे केले, ते जुळवून बघितले, फेकून दिले. "तू समोर असलीस ना... की मला कुठलाही भाग लगेच चिकटवावासा वाटत नाही. धरून ठेवावासा वाटतो. नुसता." आणि मग, इतक्या हळू की तापीलाही कान द्यावा लागला असेल, "आवडतेस तू. फार."

हिमानीनं त्याची बाही धरली, कोपरापाशी, चिमटीत, आणि तशीच धरून ठेवली. हलली नाही. पलीकडच्या गावातली गुरं घराकडे निघून गेली, सूर्य केळीच्या बागांमागे उतरला, तरी ती चिमूट सुटली नाही.

"केळीचे ट्रक कधी निघतात?" तिनं मग विचारलं.

"कटाई झाली की. आठवड्यातून दोनदा."

"इंदूरला?"

"नाही गं. सगळे दिल्लीला."

"मग एक वळव," हिमानी म्हणाली, आणि पिंजरा उचलून गाडीकडे चालायला लागली.